तीन डॉलरची भवानी

टोलीडोत, सेंट कासिमिरच्या तळघरात
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही टेबलं मांडतो.
पूर्वी बेचाळीस असायची, आज अकरा.
त्यातलं एक काकडीच्या लोणच्याचं,
आणि गर्दी तिथंच.

माझ्या टेबलावर एकोणीसशे त्रेपन्न:
काचेखाली रांगेत उभे बेसबॉलवाले,
गाल रंगवलेले, टोप्या जरा तिरप्या.
अकरा वाजले तरी भवानी नाही.

शेजारचा बर्नी ओल्शेव्स्की म्हणतो,
आपण गेलो की भाव गेले.
त्याचं गणित सोपं आहे.
लहानपणी ज्यांची कार्डं आईनं केरात टाकली
तेच म्हातारपणी पैसे मोजून ती परत घेतात.
हरवणारे संपले, की घेणारे संपले.
मार्व्हिन केसलर गेला तेव्हा त्याच्या मुलानं
चाळीस वर्षांचा संग्रह
गॅरेजमधल्या बर्फाच्या फावड्यांशेजारी विकायला ठेवला.
फावडी आधी गेली.

तरुण येतात, नाही असं नाही.
फोन बघतात, मग कार्ड, मग परत फोन.
त्यांना कार्ड प्लॅस्टिकात सीलबंद लागतं,
वर कुणीतरी दिलेला आकडा.
साडेआठ, म्हणतात, बुटाचं माप सांगावं तसं.
पुठ्ठ्याचा वास कुणी घेत नाही.
पण मी कोणत्या तोंडानं बोलू?
मीही एके काळी नवी पाकिटं न फोडता
खोक्यांवर खोकी रचली होती, लेकीच्या कॉलेजसाठी.
त्यांतून तिचं एक पुस्तक आलं असेल. जुनं.

मग ती आली. निळी नखं,
हॉस्पिटलच्या कँटीनचा ॲप्रन,
त्यावर शिवलेलं नाव: ऑडेलिन.
काचेकडे बघितलंसुद्धा नाही.
टेबलाखालचं बुटांचं खोकं ओढलं,
ज्यात मी लंगडी-पांगळी ठेवतो,
आणि त्यातून काढला क्लीटस हार्गन.
लेफ्ट फील्ड, दोन हंगाम.
एक कोपरा गायब, सायकलच्या आऱ्यांनी चावलेली कड,
पाठीवर च्युइंगगमचा तळ्याएवढा डाग
आणि डागाच्या काठावर, पेन्सिलीनं, पोरकट अक्षरात:
रॉनीला द्यायचं नाही.

चांगला खेळायचा का हा?
नाही, म्हटलं.
तुम्ही पाहिलंत त्याला?

हो म्हणायला तोंड उघडलं
आणि उघडंच राहिलं.
माझा जन्म चोपन्नचा.
हे कार्ड माझ्याहून वर्षानं मोठं.
जन्मभर 'आमच्या वेळचं' म्हणत जे विकलं
ते कुणाच्या तरी थोरल्या भावाच्या वेळचं होतं.
मीही ते असंच, ओणवं होऊन,
कुणाच्या तरी टेबलाखालून उचललं होतं.

बर्नीच्या गणितात चूक होती.
त्याला सांगितली नाही.
एका पोरीनं बाजार तरत नाही, हे मलाही कळतं.

केवढ्याला?
पाच.
एक.
असंच देऊन टाकावं, एकदा मनात आलं.
पण फुकट दिलं असतं
तर त्याच क्षणी भाव खरंच मेला असता.
मी साडेचारवर आलो, सुस्कारा टाकत.
तिनं जायचं सोंग केलं, दोन पावलं, लोणच्यापर्यंत.
किती महिन्यांनी कुणी माझ्याशी भांडलं!
तीनवर तुटलं. सगळी चिल्लर, मोजून घेतली.

तिनं हार्गनला तसाच, उघडाबोडका,
ॲप्रनच्या खिशात कोंबला, पेन आणि किल्ल्यांबरोबर.
ओरडणारच होतो.
जाताना वळून म्हणाली,
रॉनीनं केलं तरी काय असेल?

काय गेलं? बर्नीनं विचारलं.
त्रेपन्नचं, म्हटलं.
केवढ्याला?
मी चिल्लर खिशात वाजू दिली नाही.
भाव धरून आहे, म्हटलं.